ॲम्ब्युलन्स आली, घरीच उपचार केले आणि रिकामी परत गेली: मेडिकेअर पैसे देतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन केला, पॅरामेडिक (ॲम्ब्युलन्समधून येऊन उपचार करणारे प्रशिक्षित कर्मचारी) आले, त्यांनी घरातच उपचार केले, रुग्णाला बरं वाटलं आणि गाडी रिकामी परत गेली. महिन्याभराने घरी बिलाचं एक पाकीट येतं. हे पाकीट जिथून निघतं त्या टेबलावर मी बसते, म्हणजे ॲम्ब्युलन्स सेवांच्या बिलिंगचं काम करते. आई-वडिलांना इकडे आणलेल्या मराठी मंडळींचे फोन ओळखीपाळखीतून माझ्याकडे येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदाच लिहून टाकते.

एका शब्दात सांगा. मेडिकेअर पैसे देतं की नाही?

नाही. मेडिकेअर म्हणजे मुख्यतः ६५च्या पुढच्यांचा सरकारी आरोग्य विमा. सरकारकडून थेट मिळणाऱ्या मूळ मेडिकेअरमध्ये रुग्णाला गाडीतून कुठे नेलंच नसेल तर ॲम्ब्युलन्सचे पैसे मिळत नाहीत. उपचार कितीही मोठे असोत, जीव वाचलेला असो. याला सध्या एकच अपवाद आहे आणि तो जरा विचित्र आहे, त्याबद्दल खाली सांगते. मेडिकेअर ॲडव्हांटेज (खासगी कंपनीमार्फत घेतलेलं मेडिकेअर) आणि मेडिकेड (कमी उत्पन्न असलेल्यांचा सरकारी विमा) यांचं उत्तर मात्र वेगळं असू शकतं.

असं कसं? उपचार तर झाले ना!

झाले. पण कायद्यात विमा गाडीच्या फेरीचा आहे, गाडीतून आलेल्या माणसांच्या हातांचा नाही. सगळी गोम इथेच आहे.

मेडिकेअरचा कायदा ३० जुलै १९६५ला झाला. त्या काळी ॲम्ब्युलन्स म्हणजे आडवं झोपवून नेण्याची सोय, एवढंच. १९६६च्या एका गाजलेल्या राष्ट्रीय अहवालात नोंद आहे की देशातल्या जवळजवळ निम्म्या ॲम्ब्युलन्स सेवा अंत्यसंस्कार करणारे व्यावसायिक चालवत होते. कारण साधं होतं: ज्यात स्ट्रेचर मावेल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असायची. पॅरामेडिक हा व्यवसायच तेव्हा नव्हता. पिट्सबर्गमध्ये फ्रीडम हाउस नावाची सेवा १९६७ मध्ये सुरू झाली. तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या तरुणांना रस्त्यावरच उपचार करायचं शिक्षण देण्यात आलं, आणि या पेशाची सुरुवात करणाऱ्यांत त्यांचं नाव घेतलं जातं. ९११चा पहिला फोन त्याच्याही नंतरचा, फेब्रुवारी १९६८ मधला, अलाबामातल्या हेलिव्हिल गावातला.

म्हणजे कायदा आधी आला आणि घरात येऊन शिरेतून औषध देणारा माणूस नंतर. रुग्णाच्या प्रकृतीमुळे दुसऱ्या कुठल्याही वाहनाने नेणं धोक्याचं असेल तर ॲम्ब्युलन्सचे पैसे मिळतील, असं कायदा म्हणतो. नेणंच झालं नाही, तर या वाक्यात बसवण्यासारखं काही उरत नाही. मैलांचा हिशोबसुद्धा रुग्ण गाडीत असतानाच्या मैलांचाच होतो. गाडी तुमच्या दारापर्यंत पंधरा मैल आली, त्याचे वेगळे पैसे मेडिकेअर देत नाही.

निदान सलाइन, औषधं, ईसीजी यांचे वेगळे पैसे?

तेही नाही. एप्रिल २००२ पासूनच्या दरपत्रकात हे सगळं फेरीच्या मूळ दरात धरलेलं आहे. फेरीच नाही, म्हणजे त्यातलं काहीच नाही.

आणि नेलं असतं तर?

तर पार्ट बी, म्हणजे मेडिकेअरचा डॉक्टर आणि रुग्णालयाबाहेरच्या सेवांचा भाग, लागू झाला असता. वर्षाची वजावट, म्हणजे विमा सुरू होण्याआधी भरायची ठरलेली रक्कम, आधी तुमची (२०२५ मध्ये ती २५७ डॉलर होती, दरवर्षी बदलते), त्यानंतर मंजूर दराच्या ८० टक्के मेडिकेअरचे आणि २० टक्के तुमचे. मेडिगॅप (मूळ मेडिकेअरला जोडून घेतलेला पूरक खासगी विमा) असेल तर बहुतेक वेळा ते २० टक्केही तिकडून जातात. अट अशी की नेणं वैद्यकीयदृष्ट्या गरजेचं हवं आणि जवळच्या योग्य रुग्णालयापर्यंतचंच हवं. लांबच्या आवडत्या रुग्णालयात नेलं, तर वरच्या मैलांचे पैसे तुमच्या अंगावर येतात.

अर्जंट केअर (किरकोळ पण तातडीच्या तक्रारींचं छोटं केंद्र) किंवा डॉक्टरांचा दवाखाना ही ठिकाणं मूळ मेडिकेअरच्या यादीत नाहीत. रुग्णालय, नर्सिंग सुविधा, डायलिसिस केंद्र, रुग्णाचं घर अशी ठरलेली ठिकाणं आहेत. जिथे खरं तर काम भागलं असतं अशा छोट्या जागी नेलं तर पैसे नाहीत, मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात नेलं तर आहेत. यातला वेडेपणा लक्षात आलेले तुम्ही पहिले नाही.

आईची साखर उतरली होती. पॅरामेडिकनी घरीच ठीक केली. मग "चला" म्हणून जायला हवं होतं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर.

प्रसंग साधारण असा असतो. पहाटे आई घामाने भिजलेल्या, बोलणं असंबद्ध. पॅरामेडिक बोट टोचून साखर बघतात: ३८. शिरेत सुई लावून ग्लुकोज सोडतात. दहा-पंधरा मिनिटांत आई डोळे नीट उघडतात, पुन्हा तपासल्यावर आकडा ११२, आणि पहिलं वाक्य असतं, "एवढी माणसं का जमलीत? चहा ठेवलाय का कुणी?" पॅरामेडिक विचारतात, रुग्णालयात जायचं का? आई म्हणतात, छे. सही होते, गाडी जाते.

आता बिलाचा विचार बाजूला ठेवा आणि एक गोष्ट बघा: साखर कशाने उतरली? इन्सुलिन घेऊन जेवण चुकलं असेल, तर पॅरामेडिकसमोर नीट खाऊन, सोबत कुणी असताना घरी राहणं बऱ्याचदा चालतं. पण ग्लिमेपिराइड, ग्लिपिझाइड या जातीच्या गोळ्या असतील तर गोष्ट वेगळी. या गोळ्यांचा परिणाम लांबतो, ग्लुकोजचा जोर ओसरला की साखर पुन्हा खाली येऊ शकते, आणि अशा रुग्णाला काही तास नजरेखाली ठेवावं लागतं. आपल्याकडच्या ज्येष्ठांच्या पर्समध्ये भारतातून आणलेल्या याच गोळ्यांच्या पट्ट्या असतात. पॅरामेडिकला त्या ब्रँडचं नाव कळत नाही. पट्टीच्या मागच्या बाजूला औषधाचं मूळ नाव बारीक अक्षरात छापलेलं असतं, ते दाखवा.

तसंच छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्यावर पडणं, अशा वेळी "आता बरं वाटतंय" याला अर्थ नाही. जायचं.

उलट बाजूही सांगते. फक्त ॲम्ब्युलन्सचं बिल विम्यातून निघावं म्हणून गरज नसताना रुग्णालयात जाणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. तिथे आपत्कालीन विभागाचं बिल, तपासण्यांचं बिल, डॉक्टरांचं वेगळं बिल, आणि प्रत्येकातला आपला वाटा. शिवाय ऐंशीच्या माणसाने सहा तास खुर्चीत बसायचं ते निराळंच.

ती सही कसली होती?

बहुतेक वेळा दोन सह्या असतात आणि दोन्ही एकाच टॅब्लेटवर पाठोपाठ घेतल्या जातात. एक सही "मला नेऊ नका, धोका समजावून सांगितला आहे" याची. दुसरी "विम्याने दिलं नाही तर पैसे मी देईन" याची. गडबडीत लोक दोन्ही एकच समजतात. थांबा, विचारा, वाचा.

शुद्धीवर असलेल्या आईच्या वतीने मुलाने परस्पर नकार देऊ नये. निर्णय तिचा आहे. तो घेण्याच्या अवस्थेत ती आहे का, हे बघायला पॅरामेडिक नाव, जागा, वार, काय झालं असे प्रश्न विचारतात. एका आजींना आज कोणता दिवस म्हणून विचारलं तर त्या म्हणाल्या, "चतुर्थी." उत्तर अगदी बरोबर होतं. सुनेने भाषांतर केलं म्हणून बरं, नाहीतर कागदावर "गोंधळलेल्या" असं लिहिलं गेलं असतं. घरात इंग्रजी येणारं कुणी नसेल तर फोनवरचा दुभाषी मागा, मराठीसाठीही.

मग बिल भरायलाच हवं का?

लगेच नाही. आधी एक फोन करा आणि खालच्या गोष्टी विचारा. कुठल्या क्रमाने, त्याला महत्त्व नाही.

ही सेवा शहराची किंवा काउंटीची (जिल्ह्याची) आहे का? करातून चालणाऱ्या काही सेवा रहिवाशांकडून विम्याच्या वर काही घेत नाहीत, आणि काही तर न नेल्याचं बिलच लावत नाहीत. काही ठिकाणी वर्षाची सभासद वर्गणी असते. ती भरलेली असेल तर प्रश्न मिटतो, भरली नसेल तर पुढच्या वर्षीसाठी विचार करा.

बिलावर कोणता कोड, म्हणजे सेवेचा ठरलेला क्रमांक, आहे? न नेता उपचार केल्याचा कोड ए-०९९८ (A0998). नेलंच नसताना फेरीचा किंवा मैलांचा कोड दिसला तर ती चूक आहे आणि ती दुरुस्त व्हायलाच हवी. हे होतं. मी स्वतः दुरुस्त केली आहेत अशी बिलं.

दुसरा विमा आहे का, म्हणजे जुन्या नोकरीतून मिळणारा निवृत्तांचा विमा वगैरे? काही खासगी विमे ए-०९९८चे पैसे देतात, पण आधी मेडिकेअरचा नकार मागतात. तेव्हा बिलिंगवाल्यांना सांगा की मेडिकेअरकडे "नकारासाठी" दावा पाठवा. तशी सोय आहे. मेडिगॅपचा मात्र इथे उपयोग नाही. मेडिकेअरने मंजूर केलेल्या रकमेतला तुमचा वाटा मेडिगॅप भरतं, आणि इथे मंजूरच काही नाही.

हे सगळं संपल्यावर उत्पन्नानुसार सवलत आणि हप्ते विचारा. विचारणाऱ्याला मिळतात, न विचारणाऱ्याला कुणी आपणहून देत नाही.

पैसे मिळणार नाहीत याची आधी लेखी सूचना द्यायला नको होती?

या बाबतीत सक्ती नाही. मेडिकेअर एरवी देतं पण या वेळी बहुधा देणार नाही, अशा सेवेसाठी आगाऊ सूचनेचा कागद लागतो. जी सेवा मुळात लाभांच्या यादीतच नाही तिच्यासाठी तो ऐच्छिक आहे. "आम्हाला सांगितलंच नाही" हा मुद्दा माणुसकीच्या दृष्टीने खरा आहे, पण त्यावर बिल रद्द होत नाही.

बाबांचं मेडिकेअर ॲडव्हांटेज आहे. त्यांना वेगळा नियम?

असू शकतो. हे प्लॅन खासगी कंपन्या चालवतात. मूळ मेडिकेअर जे देतं ते त्यांना द्यावंच लागतं, आणि वर जास्तीचं काही द्यायची मुभा असते. काही प्लॅन घरी केलेल्या उपचारांचे पैसे देतात. प्लॅनच्या सविस्तर पुस्तिकेत ॲम्ब्युलन्सचं पान काढा आणि नेणं न झाल्यास काय, हे शोधा. सापडलं नाही तर फोन करून नुसतं "ॲम्ब्युलन्स कव्हर आहे का" असं विचारू नका, त्याला उत्तर "हो"च येतं. "ए-०९९८ कव्हर आहे का" असं विचारा.

मेडिकेडचं काय?

मेडिकेड केंद्र आणि राज्य मिळून चालवतात, त्यामुळे राज्य बदललं की उत्तर बदलतं. कार्डावर मेडिकेड हा शब्द असेलच असं नाही: कॅलिफोर्नियात मेडि-कॅल, मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थ, टेनेसीत टेनकेअर.

न नेता केलेल्या उपचारांना पैसे देण्यात काही राज्यं मेडिकेअरच्या पुढे गेली. ॲरिझोनाने २०१६ मध्ये "उपचार करा आणि योग्य ठिकाणी पाठवा" अशी योजना आणली. ज्या सेवांनी तिची मान्यता घेतली आहे, त्यांना रुग्णाला न नेताही पैसे मिळतात. मिनेसोटाने त्याच्याही आधी, २०११-१२ मध्ये, कम्युनिटी पॅरामेडिक हा दर्जा कायद्यात आणून त्यांच्या घरभेटी मेडिकेडमध्ये घेतल्या. म्हणजे आजार बळावायच्या आत पॅरामेडिक घरी जाऊन औषधं, जखमा, साखर बघणार. माझ्या मते यातलं सगळ्यात शहाणं पाऊल हेच. पण सगळीकडे असं नाही. कित्येक राज्यांत अजूनही फेरी नाही तर पैसे नाहीत.

मेडिकेअर आणि मेडिकेड दोन्ही असतील तर बिल भरण्याआधी मेडिकेडचा क्रमांक बिलिंगवाल्यांना नक्की द्या. सेवेने मेडिकेडचे पैसे घेतले, की उरलेल्या रकमेसाठी ती तुमच्या मागे लागू शकत नाही.

मधली काही वर्षं मेडिकेअर देत होतं असं ऐकलं. खरं का?

खरं आहे, दोन वेगवेगळ्या वाटांनी. दोन्ही बंद झाल्या.

पहिली म्हणजे मेडिकेअरचा ईटी-३ नावाचा प्रयोग. घोषणा फेब्रुवारी २०१९ मध्ये झाली, कोविडमुळे सुरुवात १ जानेवारी २०२१ला. यात भाग घेतलेल्या सेवांना दोन गोष्टींचे पैसे मिळत: रुग्णाला अर्जंट केअरसारख्या ठिकाणी नेणं, किंवा डॉक्टर अगर तत्सम पात्र व्यक्ती प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर हजर असताना जागेवरच उपचार करणं. पाच वर्षं चालायचा होता, ३१ डिसेंबर २०२३लाच गुंडाळला. सरकारने कारण दिलं की अपेक्षेपेक्षा कमी सेवा आल्या आणि कमी रुग्णांना त्याचा उपयोग झाला. मला यात नवल वाटत नाही. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात पॅरामेडिकने टॅब्लेट धरून डॉक्टर जोडला जायची वाट बघायची, आणि तीही कोविडच्या ऐन धामधुमीत. त्यापेक्षा गाडीत घालून नेणं सोपं होतं, त्याचे पैसेही नक्की होते.

दुसरी वाट कोविडचीच. २०२१च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅन कायद्याने सरकारला सूट द्यायचा अधिकार दिला: साथीमुळे आखलेल्या स्थानिक नियमांनुसार रुग्णाला नेलं नाही, एरवी नेलं असतं, तर ॲम्ब्युलन्सला पैसे द्या. ही मुभा आरोग्य आणीबाणीबरोबर ११ मे २०२३ला संपली. त्यानंतर अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, ही सोय कायमची करणारी विधेयकं मांडली गेली आहेत. पण बिलाच्या पाकिटाला विधेयक दाखवून चालत नाही.

तो विचित्र अपवाद कोणता?

मृत्यू. ॲम्ब्युलन्स बोलावण्याआधीच रुग्णाला मृत घोषित केलं असेल तर काही मिळत नाही. गाडी निघाल्यानंतर, पण रुग्णाला गाडीत ठेवण्याआधी मृत घोषित केलं, तर मेडिकेअर साध्या पातळीच्या फेरीचा मूळ दर देतं, मैलांचे पैसे नाहीत. गाडीत ठेवल्यावर मृत्यू झाला तर नेहमीसारखे पैसे.

आता हे शेजारी शेजारी ठेवून बघा. पॅरामेडिकनी घरात प्रयत्नांची शर्थ केली आणि रुग्ण गेला, तर पैसे मिळतात. शर्थ केली आणि रुग्ण उठून बसून चहा मागू लागला, तर मिळत नाहीत. पहिल्या आठवड्यात मला हा नियम शिकवला तेव्हा मी पुन्हा विचारून खात्री केली होती.

आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आले आहेत. त्यांना यातलं काही लागू?

नाही. त्यांचा प्रवासी विमा खासगी असतो, त्याच्या अटी वेगळ्या. ग्रीन कार्डवर आलेल्यांना वयाची ६५ वर्षं आणि अमेरिकेतलं सलग पाच वर्षांचं वास्तव्य झाल्यावर मेडिकेअर विकत घेता येतं. मेडिकेडलाही ग्रीन कार्डवरच्या प्रौढांसाठी साधारणपणे पाच वर्षं थांबावं लागतं.

अपील करून उपयोग आहे का?

नेलंच नसेल तर वेळ घालवू नका. मेडिकेअरचा नकार नियमाला धरून आहे. नेलं होतं आणि "गरज नव्हती" म्हणून नाकारलं, तर मात्र जरूर करा. मेडिकेअरने काय दिलं, काय नाकारलं हे सांगणारं विवरणपत्र हातात आल्यापासून १२० दिवसांची मुदत असते. सेवेकडून पॅरामेडिकचा अहवाल मागवून सोबत जोडा. रुग्ण उभा राहू शकत नव्हता, ऑक्सिजन लागत होता, असल्या ओळी त्यातच असतात. इंग्रजी कागदांची भीती वाटत असेल तर प्रत्येक राज्यात शिप नावाची मोफत सल्लासेवा आहे. तिथली माणसं विमा विकत नाहीत, म्हणून मला ती जास्त भरवशाची वाटतात.

महाराष्ट्रात १०८ला फोन केला तर कुणी बिल पाठवत नाही. इथेच का?

कारण तिथे १०८ ही सरकारने पैसे देऊन चालवलेली सेवा आहे, विम्याचा दावा मधे येतच नाही. इंग्लंडमध्येही तसंच: पॅरामेडिकनी बघून, उपचार करून घरीच ठेवलं तर त्याला रीतसर नाव आहे, त्याची मोजदाद होते, रुग्णाला बिल नाही. अमेरिकेत प्रत्येक फेरी हा एक दावा आहे. ऑस्ट्रेलियातल्या सरकारी विम्याचं नावही मेडिकेअरच, पण तो ॲम्ब्युलन्सचे पैसे मुळातच देत नाही. तिथे राज्य बघावं लागतं.

बाबा नुसते घसरून पडले होते, लागलं काहीच नाही. फक्त उठवायला बोलावलं. त्याचंही बिल?

याला "लिफ्ट असिस्ट" म्हणतात आणि बऱ्याच अग्निशमन दलांत ते फुकट असतं. काही गावांत मात्र वारंवार बोलावलं की शुल्क लागतं. मेडिकेअर याचेही पैसे देत नाही. महिन्यात दोनदा उचलायला बोलावलं असेल तर बिलापेक्षा डॉक्टरांशी बोला. रक्तदाबाची गोळी जास्त होत असेल, चष्म्याचा नंबर बदलला असेल, किंवा बाथरूममधली ती ओली चटई असेल.

पुढच्या वेळेसाठी काय तयार ठेवू?

फ्रिजच्या दारावर एक कागद लावा. त्यावर आजार, औषधांची मूळ नावं आणि डोस, ॲलर्जी, डॉक्टरांचा फोन, मेडिकेअर किंवा प्लॅनचं नाव, आणि घरी बोलायची भाषा मराठी, हे इंग्रजीत. पॅरामेडिक घरात शिरले की फ्रिजकडे बघतात, ते शिकवलेलं असतं त्यांना. गोळ्या बदलल्या की कागद बदला. मागच्या दिवाळीचा कागद अजून लावलेला असेल तर आजच काढा.